पाळी जाण्याचे वय आणि हाडांची शिदोरी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. मॅट्रिक झालो, शिक्षकाचा शिक्षणक्रम पुरा केला आणि सारी हयात बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविली. अशा माणसाने विद्यार्थ्यांच्या सत्काराविषयी किंवा हुंड्याच्या चालीविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु मी आज जो विषय निवडला आहे, तो आपल्या सभांतून आजवर कोणी काढला नाही. स्त्रियांची पाळी जाण्याचा काळ आणि त्या काळात त्यांच्या शरीराची, विशेषतः हाडांची, होणारी झीज हा तो विषय होय. पुरुषाने, त्यातही साठी उलटलेल्या शिक्षकाने, हा विषय का काढावा, असे कित्येकांच्या मनात आले असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण ही मूठ झाकून ठेवल्यामुळे आपल्या घरांचे किती नुकसान झाले, हे मी स्वतः पाहिले आहे. सबब संकोच बाजूस ठेवून बोलतो.

आरंभी एक घरची हकीकत सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या संमतीनेच ती सांगत आहे. बहिणीचे लग्न सोळाव्या वर्षी झाले. घरची जमीन कोरडवाहू, त्यामुळे दिवाळी झाली की नवराबायको कोयता घेऊन कारखान्याला जात. विसाव्या वर्षापर्यंत दोन मुले झाली, तिसऱ्यानंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. चौतिसाव्या वर्षी तिला पाळीत अंगावरून फार जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले. एका खाजगी दवाखान्यात दाखविले. तेथे सांगण्यात आले की, पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल. घाबरून आम्ही होकार दिला. मुकादमाकडून उचल घेऊन पैसे भरले. संमतीच्या कागदावर पाहुण्यांचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून माझी सही. बहीण म्हणाली, “बरं झालं दादा, रोजची कटकट गेली.” मलाही तसेच वाटले.

पुढे बारा वर्षांनी, म्हणजे शेहेचाळिसाव्या वर्षी, ती ओल्या अंगणात घसरली आणि उजवे मनगट मोडले. पडण्याच्या मानाने मोड फार मोठा होता. मोठ्या शहरातील हाडांच्या डॉक्टरांनी हाडांची घनता मोजण्याची तपासणी करविली आणि म्हणाले, “या बाईंची हाडे सत्तरीच्या म्हातारीसारखी झाली आहेत. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली होती काय?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. अंडाशय म्हणजे काय, हेच कोणाला ठाऊक नव्हते. घरी आल्यावर जुन्या रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत ठेवलेला दवाखान्याचा कागद मी काढला. त्यात दोन्ही बाजूंची अंडाशये काढल्याचे इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते. मी मॅट्रिकला इंग्रजी घेऊन उत्तीर्ण झालो होतो. तो कागद बारा वर्षे घरात होता आणि मी तो एकदाही वाचला नव्हता. डॉक्टरांचा दोष किती, हे ठरविणे माझे काम नव्हे. माझा दोष किती, हे मात्र मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचीत आलो, समजले नाही ते जाणत्या डॉक्टरांना विचारीत आलो. त्यातले आपल्या उपयोगाचे तेवढे आज सांगतो.

आपल्या शरीरात काही ग्रंथी असतात. त्यांतून निघणारा रस थेट रक्तात मिसळतो आणि दूरच्या अवयवांना कामाचे हुकूम पोहोचवितो. अशा रसाला ‘हॉर्मोन’ हे नाव लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञाने १९०५ साली दिले. मराठीत आपण त्याला संप्रेरक म्हणतो. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. त्यांतून मुख्यतः दोन संप्रेरके निघतात. एक इस्ट्रोजेन व दुसरे प्रोजेस्टेरॉन. पाळीचे चक्र यांच्याच तालावर चालते. परंतु इस्ट्रोजेनचे काम पाळीपुरतेच नाही. हाडे, हृदय, रक्तवाहिन्या, कातडी, झोप आणि मनाची स्थिती या सर्वांवर त्याची पाखर असते. लोकांची समजूत अशी की, मुलेबाळे झाली, आता पिशवीचा उपयोग काय? पिशवीविषयी क्षणभर तसे मानले तरी अंडाशयांविषयी ते सर्वथा चूक आहे.

मुलीच्या जन्माच्या वेळीच तिच्या अंडाशयांतील स्त्रीबीजांचा साठा ठरलेला असतो. पुढे त्यात भर पडत नाही. चाळिशीच्या आसपास तो साठा आटत येतो. आपल्या देशात बहुतेक स्त्रियांची पाळी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. युरोप-अमेरिकेत ती एकावन्नच्या सुमारास जाते. लागोपाठ बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे धरतात. पण ती एका दिवसात जात नाही. त्याआधीची चार-पाच वर्षे, कधी त्याहून अधिक, हा संधिकाळ असतो. सायंकाळी जसा उजेडही असतो आणि अंधारही, तद्वत या काळात संप्रेरके कधी वर चढतात, कधी खाली उतरतात. पाळी कधी वीस दिवसांनी येते, कधी दोन महिन्यांनी. काही महिन्यांत स्त्रीबीज बाहेर पडतच नाही. त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि मग अंगावरून फार जाते. एकाएकी अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटते, रात्री घाम फुटतो, झोप मोडते, चिडचिड होते, उगाच रडू येते. घरातील माणसे म्हणतात, बाईचा स्वभाव बिघडला. स्वभाव बिघडलेला नसतो. शरीर एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात असते. बाई जितकी समजुतीला आणि विश्रांतीला या काळात पात्र असते, तितकी ती एरवी क्वचितच असते.

आता हाडांकडे येऊ. हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत आहे. आपल्या घराची भिंत जशी दर पावसाळ्यानंतर थोडी पडते आणि आपण ती लिंपून घेतो, तसेच हाडांत अहोरात्र चालते. एक प्रकारच्या पेशी जुने हाड पोखरून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवे भरतात. पोखरणाऱ्यांना आवरून धरण्याचे काम इस्ट्रोजेन करते. तिशीपर्यंत भरणी अधिक होते आणि हाडांची शिदोरी बांधली जाते. त्यानंतर ती हळूहळू खर्च होते. परंतु शेवटच्या पाळीच्या सुमारे एक वर्ष आधीपासून इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो आणि झीज एकदम वाढते. पुढील दोन-तीन वर्षे कण्याचे हाड वर्षाला शेकडा दोनच्या आसपास झिजते. ही झीज दुखत नाही, दिसत नाही. मनगट, खुबा किंवा पाठीचा मणका मोडला म्हणजेच ती कळते. पाळी जाणे आणि हाडे ठिसूळ होणे यांचा संबंध अमेरिकेत बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली मांडला. म्हणजे हे ज्ञान माझ्या वयाहूनही जुने आहे. आमच्या घरी मात्र ते मनगट मोडल्यावर पोहोचले.

येथे एक शंका हटकून निघते. कष्टकरी बाईचे हाड टणक असते, तिला हे दुखणे कसे होईल? शंकेत तथ्य आहे. भार उचलल्याने हाडे बळकट होतात, म्हणूनच शहरातील बसून राहणाऱ्या भगिनींना डॉक्टर चालायला सांगतात. पण भिंत लिंपायला मजूर आहे आणि माती नाही, तर काय उपयोग? कष्ट हा मजूर आहे. कॅल्शियम, प्रथिने आणि ‘ड’ जीवनसत्त्व ही माती आहे. ती पोटात गेली नाही आणि वर इस्ट्रोजेनही गेले, तर केवळ कष्टाने हाड टिकत नाही.

हाडांखेरीज आणखी एक बदल होतो. पूर्वी मांड्यांवर व कमरेखाली साठणारी चरबी आता पोटावर साठू लागते. इन्सुलिनचा परिणाम कमी होऊन रक्तातील साखर वाढू शकते. रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढते, रक्तदाब चढतो. तरुणपणी स्त्रियांना हृदयविकार पुरुषांच्या मानाने कमी होतो. पाळी गेल्यावर ही सवलत हळूहळू संपते. आपल्याकडील स्त्रीच्या पोटाचा घेर ८० सेंटिमीटरांहून अधिक झाला, तर सावध व्हावे असे डॉक्टर सांगतात. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. बैलाच्या खुराकडे आणि इंजिनाच्या तेलाकडे जितके लक्ष देतो, तितके तरी घरच्या लक्ष्मीकडे द्यावे.

हे झाले निसर्गक्रमाने पाळी जाण्याविषयी. निसर्ग सावकाश उतरतो, पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. शस्त्रक्रियेने दोन्ही अंडाशये काढली, तर मात्र बाई माडीवरून थेट अंगणात पडते. पस्तिशीतच तिला पन्नाशी येते. वाफा, निद्रानाश, हाडांची झीज, हृदयविकाराचा धोका हे सारे दहा-पंधरा वर्षे आधी दारात उभे राहते. केवळ गर्भाशय काढून अंडाशये ठेवली, तरीही ती पुष्कळदा नेहमीपेक्षा लवकर थकतात, असे आढळले आहे.

आणि बंधुभगिनींनो, हा विषय आपल्या जिल्ह्याच्या नावाशी जोडला गेला आहे. २०१९ साली ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली आणि राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य शासनाला नोटीस पाठविली. त्याच वर्षी जून महिन्यात तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाहणी झालेल्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मी गणित शिकविले आहे. हे प्रमाण शेकडा जवळजवळ १७ पडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत साऱ्या देशाचे हेच प्रमाण शेकडा तीनच्या किंचित वर होते. दोन पाहण्यांची रीत वेगळी असेल, वयोगटही थोडे वेगळे असतील. तरीही एवढे अंतर त्याने भरून निघत नाही.

असे का झाले? माझ्या हजेरीपटाने मला त्याचे अर्धे उत्तर केव्हाच दिले होते. दिवाळीनंतर शाळा उघडली की निम्मी बाके रिकामी असत. मुले आईबापांबरोबर सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटकाकडे गेलेली. तेथे नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे फडात उतरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत भरायच्या. राहायला पाचटाची कोपी. न्हाणी नाही, संडास नाही, स्वच्छ पाणी नाही. पाळीच्या दिवसांत बदलायला कापड नाही, सुकवायला आडोसा नाही. त्यामुळे अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटाची सूज ही दुखणी जडतात. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो आणि दंड उचलीत चढतो. अशा बाईला कोणी सांगितले की, एकदा पैसे भर, पाळी कायमची जाईल, तर तिला ती सुटकाच वाटणार. त्यात लग्न लवकर झालेले, मुले लवकर झालेली, म्हणून पिशवीचे काम संपले ही समजूत. आणि चाळिशीजवळ संधिकाळामुळे अंगावरून जास्त जाऊ लागले की, शरीराच्या स्वाभाविक बदलालाच रोग समजून भीती घातली जाते.

मी शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बोलत नाही, हे कृपा करून ध्यानात घ्यावे. गर्भाशयाचा कर्करोग, मोठ्या गाठी, कशानेही न थांबणारा रक्तस्राव अशा प्रसंगी शस्त्रक्रियेने प्राण वाचतात. प्रश्न आहे तो दुसरा उपाय न करताच पहिल्याच भेटीत कात्री लावण्याचा. सूज असेल तर औषधे आहेत. रक्तस्रावावर गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू आहे. कर्करोगाची शंका असेल तर गर्भाशयाच्या मुखाची व अस्तराची तपासणी आहे. तपासणीशिवाय कर्करोगाचे नाव घेणे म्हणजे निव्वळ भीती दाखविणे होय.

२०१९ नंतर आपल्या जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी खाजगी दवाखान्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा दंडक घालण्यात आला. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अंमलात आणावीत, असे सर्व राज्यांना फर्माविले. परंतु कायदा दवाखान्याच्या दारापर्यंतच येतो. आत बाईबरोबर कोण बसते आणि कोण प्रश्न विचारते, यावर पुढचे अवलंबून आहे.

म्हणून चार प्रश्न प्रत्येकाने पाठ करावेत. पहिला, दुखण्याचे नाव काय आणि ते कोणत्या तपासणीत दिसले? दुसरा, औषधाने किंवा अन्य उपायाने बरे होण्यासारखे आहे काय? तिसरा, शस्त्रक्रिया करायचीच असेल तर अंडाशये ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर का? चौथा, दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यास किती दिवसांची सवड आहे? बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय ही दुसऱ्या सल्ल्याची आपली हक्काची ठिकाणे आहेत. आणि निघताना कागद मागून घ्यावा, तो वाचावा. न वाचता आला तर गावातील मास्तरांकडे न्यावा. मास्तरांनीही तो वाचावा!

ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. कमी वयात अंडाशये गेली असतील, तर नेहमी पाळी जाते त्या वयापर्यंत इस्ट्रोजेन औषधरूपाने देता येते. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर या उपचाराविषयी फार भीती पसरली होती. पण त्यातील बहुतेक स्त्रिया पन्नाशी-साठी उलटलेल्या होत्या. अकाली पाळी गेलेल्या तरुण स्त्रीचा हिशेब निराळा असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी झालेल्यांना मात्र हा उपचार सहसा देत नाहीत. तेव्हा तो डॉक्टरांना विचारूनच करावा. माझ्या बहिणीला आता हाडांसाठी औषध चालू आहे. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, हे खरे. पण जाऊ लागते, हेही खरे.

आता आहाराचे गणित. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरविल्याप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रीला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. आपल्या ज्वारीच्या भाकरीत बळ आहे, पण कॅल्शियम थोडे. तीनशे ग्रॅम पिठात शंभर मिलिग्रॅमही भरत नाही. उलट शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, पेलाभर दुधात सव्वादोनशेच्या वर, शंभर ग्रॅम मेथीच्या भाजीत पावणेतीनशेच्या आसपास आणि दोन चमचे तिळात शंभराहून अधिक मिळते. शेवग्याचा पाला फुकट मिळतो आणि त्यात मेथीहूनही अधिक असते. म्हणजे भाकरीबरोबर तिळाची चटणी, पालेभाजी, दही किंवा ताक आणि जोडीला डाळ असली की हिशेब बराचसा जुळतो. प्रश्न असा की, आपण दूध डेअरीला घालतो, उरलेले मुलाला देतो आणि बाई सर्वांच्या मागून उरलेसुरले खाते. मुलीची शिदोरी तिशीपर्यंत बांधायची असते, हे मी मघाशी सांगितले. ताटात मुलीला कमी वाढणारी आई तिच्या उतारवयातील हाडच कमी करीत असते. उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व मिळते. पण अंग झाकलेले किंवा घरात कोंडलेले असेल तर ते पुरत नाही. तपासून कमी आढळल्यास औषध घ्यावे. तंबाखूची मिश्री सोडावी. तंबाखूने हाडांचेही नुकसान होते.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, मंडळाच्या सामुदायिक विवाहात वधूच्या वयाचा दाखला पाहिल्याशिवाय अक्षता टाकू नयेत. अठरा म्हणजे अठरा. दुसरी, दरवर्षी तोडणीला माणसे निघण्यापूर्वी दसऱ्याच्या सुमारास चाळिशीच्या आतबाहेरच्या भगिनींसाठी तपासणी शिबिर भरवावे. तिसरी, प्रत्येक तालुक्यात दोन शिकलेल्या भगिनींची नावे जाहीर करावीत. कोणा बाईला पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, तर त्यांनी तिच्याबरोबर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. त्यांच्या एस. टी. भाड्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून दरसाल यथाशक्ती रक्कम मी मंडळाकडे जमा करीन.

आपल्या ज्ञातीतील मुले अधिकारी झाली, त्यांचे आपण हार घालून कौतुक केले, हे योग्यच झाले. परंतु त्यांच्यातील कित्येकांच्या फीचा पैसा त्यांच्या आयांनी डोक्यावर मोळ्या वाहून मिळविला आहे. त्या मोळ्यांचा भार ज्या हाडांनी पेलला, ती हाडे जपणे हे आपले कर्तव्य आहे. जो कागद मी बारा वर्षे वाचला नाही, तो आपण वेळेवर वाचावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.